शिक्षकांचा सर्व्हे: ४१२ फॉर्म आलेत, तरी पोटात गोळा का येतोय?

गोदाकाठ (धागाकर्ती) | रविवार, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज अडलंय म्हणून धागा काढतेय.

मी जि.प. शाळेत शिक्षिका, पंधरा वर्षं झाली. जोडीला पार्टटाइम पीएच.डी. चालू आहे. विषय आमच्या तालुक्यातले शिक्षक: वेळ कुठे जातो, कामाचा बोजा किती, नोकरीत समाधान आहे का. सगळ्या व्यवस्थापनांचे मिळून तालुक्यात अंदाजे ११०० शिक्षक आहेत. मी गूगल फॉर्म केला, केंद्रप्रमुखांना (आसपासच्या काही शाळांवर देखरेख ठेवणारे अधिकारी) विनंती केली, त्यांनी आपापल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. दहा दिवसांत ४१२ जणांनी भरला. क्रेजसी-मॉर्गनच्या तक्त्यात ११०० ला २८५ चा नमुना पुरतो, म्हणजे माझ्याकडे उरून सांडेल इतका आहे. गाईड म्हणाले, आता विश्लेषणाला लागा.

पण फॉर्म उघडून बघितले आणि खटकलं. समाधानाच्या प्रश्नांवर ओळीने 'पूर्ण समाधानी', 'पूर्ण समाधानी'. अहो, ही माणसं मला माहीत आहेत! शिक्षण परिषद सुटल्यावर टपरीवर चहा पिताना जे बोलतात ते मी स्वतः ऐकते. टपरीवरची माणसं आणि फॉर्ममधली माणसं एकच आहेत यावर माझा विश्वास बसेना.

नमुना पुरेसा आहे ना? की माझं कुठे चुकलंय?

खडूफळा | रविवार, रात्री १०:४२

ताई, मीही जि.प.वालाच. दुसरा तालुका, पण ग्रुप सगळीकडे सारखेच. तुमच्या फॉर्मचं काय झालं असेल ते न बघता सांगतो. केंद्रप्रमुखांनी लिंक टाकली आणि खाली लिहिलं, 'सर्वांनी आजच भरावा, भरल्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकावा.' दुसऱ्या दिवशी 'अद्याप न भरलेल्यांची यादी'. बरोबर?

आणि फॉर्मला ईमेल गोळा करायची सेटिंग चालू असेल तर बोलायलाच नको. वरून आलेली लिंक म्हणजे आमच्यासाठी माहिती मागवणं, सर्व्हे नव्हे. त्यात माणूस 'पूर्ण समाधानी'च असतो.

टवाळ_टिकोजी | रविवार, रात्री १०:५०

'आपण या सर्व्हेबाबत किती समाधानी आहात?' हा एकोणचाळिसावा प्रश्न टाका. (दिवे घ्या.)

गोदाकाठ | रविवार, रात्री १०:५८

@खडूफळा, तुम्ही आमच्या ग्रुपमध्ये आहात की काय? स्क्रीनशॉटचं अगदी शब्दशः तसंच झालं. ईमेलची सेटिंगही चालू होती. माझं लक्षच गेलं नाही.

आकडेमोड | सोमवार, सकाळी ७:१५

संख्याशास्त्र हा माझा पोटापाण्याचा धंदा, म्हणून जरा लांबण लावतो.

तो तक्ता १९७० सालचा. महाराष्ट्रातल्या निम्म्या एम.एड. प्रबंधांत तो असतो आणि बहुतेक ठिकाणी चुकीच्या कामाला जुंपलेला असतो. तक्ता एवढंच सांगतो: ११०० नावांची पूर्ण यादी घेऊन तुम्ही चिठ्ठ्या टाकून २८५ नावं काढलीत आणि ती सगळी माणसं बोलली, तर तुमची टक्केवारी पाचएक टक्के इकडे-तिकडे असेल. तुम्ही चिठ्ठ्या टाकल्याच नाहीत. ज्यांना भरावंसं वाटलं किंवा भरणं भाग पडलं, ते आले.

सोपं गणित करू. समजा ४१२ पैकी ७५ टक्के म्हणजे ३०९ जण म्हणाले, आम्ही समाधानी. ६८८ जण काहीच बोलले नाहीत. ते सगळे नाराज असतील तर तालुक्याचा खरा आकडा २८ टक्के. ते सगळे खूश असतील तर ९१ टक्के. खरं उत्तर २८ आणि ९१ च्या मध्ये कुठेही असू शकतं आणि तुमच्या ४१२ फॉर्ममधलं काहीही तुम्हाला ते कुठे आहे हे सांगू शकत नाही. म्हणून किती जण बोलले याच्या आधी कोण बोललं नाही ते विचारायचं.

ओईसीडी या देशांच्या आर्थिक संघटनेचा 'टॅलिस' नावाचा शिक्षकांचा आंतरराष्ट्रीय सर्व्हे आहे. पहिली फेरी २००८ ला झाली, मग २०१३, २०१८ आणि २०२४. भारत त्यात नाही. त्यांची पद्धत: प्रत्येक देशात साधारण २०० शाळा निवडायच्या, प्रत्येक शाळेतून २० शिक्षक आणि मुख्याध्यापक. शाळेतल्या निवडलेल्यांपैकी निम्म्यांनीही उत्तर दिलं नाही तर ती शाळा आलीच नाही असं धरतात. देशाकडून एकूण ७५ टक्के शिक्षकांची उत्तरं अपेक्षित असतात. तुमचे ४१२ भागिले ११०० किती होतात ते बघा.

माझा सल्ला कडू आहे. ४१२ बाजूला ठेवा. यादी मिळवा, १५० नावं चिठ्ठीने काढा आणि त्या १५० जणांचा पिच्छा पुरवा. १५० नीट मिळाले तर साडेसात टक्के इकडे-तिकडे होईल. पण ते साडेसात तरी खरे असतील.

गोदाकाठ | सोमवार, सकाळी ७:४०

४१२ टाकून द्यायचे?? गाईडना कसं सांगू. पण मुद्दा कळला. रात्री २८ आणि ९१ स्वप्नात येणार बहुतेक.

टॅलिससारख्या शाळा निवडू की थेट शिक्षक? आमच्याकडे एका शाळेत २० शिक्षक फक्त शहरातल्या दोन-तीन हायस्कूलांत सापडतील. बाकी सगळ्या द्विशिक्षकी.

आकडेमोड | सोमवार, सकाळी ८:०५

थेट शिक्षक. शाळा आधी निवडतात ती सबंध देशाची यादी हाताशी नसते आणि प्रवासाचा खर्च वाचवायचा असतो म्हणून. त्याची किंमतही मोजावी लागते. एका शाळेतले शिक्षक एकाच मुख्याध्यापकाखाली, एकाच गावात काम करतात, त्यांची उत्तरं एकमेकांसारखी येतात. ४० शाळांतून दहा-दहा घेतले तरी माहिती ४०० सुट्या माणसांइतकी मिळत नाही, कधीकधी पावणेदोनशेच्या आसपासच भरते.

दुसरा खड्डा: शाळांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि प्रत्येकीतून एकच शिक्षक घेतला, तर द्विशिक्षकी शाळेतल्या गुरुजींची शक्यता दोनात एक आणि चाळीस शिक्षकांच्या हायस्कूलमधल्या बाईंची चाळिसात एक. वीसपटीचा फरक. मग उत्तरांना वजन द्यावं लागतं, म्हणजे कुणाचं उत्तर किती पट मोजायचं ते ठरवावं लागतं, आणि ते लोक विसरतात. तुमचा तालुका एवढासा आहे, सरळ नावांच्या यादीतून काढा. फक्त जि.प., अनुदानित, विनाअनुदानित-स्वयंअर्थसहाय्यित आणि आश्रमशाळा अशा चार ढिगांतून वेगवेगळ्या चिठ्ठ्या टाका, नाहीतर छोटा ढीग हातातून निसटेल.

निवृत्त_बाई | सोमवार, दुपारी १२:३०

'यादी मिळवा' हे आकडेमोड यांनी फार सहज लिहिलंय. मी तीन शाळांत मुख्याध्यापिका होते, यादी करण्यात माझी हयात गेली. म्हणून विचारते, कोणती यादी?

एक यूडायसची, म्हणजे सरकार दरवर्षी शाळांकडून भरून घेतं त्या माहितीची. डीआयएसई म्हणून ती १९९४-९५ च्या सुमारास डीपीईपी म्हणजे जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाबरोबर सुरू झाली, तेव्हा कागदी फॉर्म असायचे आणि ३० सप्टेंबर हा संदर्भ दिनांक. २०१२-१३ पासून प्राथमिक-माध्यमिक एकत्र झालं, २०१८-१९ पासून यूडायस प्लस. शाळेचा अकरा आकडी कोड, आपल्या राज्याचा २७ ने सुरू होतो, तो मला अजून झोपेत पाठ आहे. दुसरी यादी शालार्थची, म्हणजे पगाराची. तिसरी संचमान्यतेची, पटावर किती पदं मंजूर ते. चौथी शाळेतल्या मस्टरची, म्हणजे हजेरीपटाची. या चारही जुळलेल्या मी एकदाही पाहिल्या नाहीत आणि प्रत्येक न जुळण्याला कारण असतं. पगाराच्या यादीत विनाअनुदानितवाला नसतो. संचमान्यतेत माणूस नसतो, पद असतं.

यूडायसच्या फॉर्मात शिक्षकाच्या ओळीत एक रकाना असतो, अध्यापनेतर कामावर किती दिवस गेले. आज कबूल करते, मी त्यात वर्षानुवर्षं शून्य भरलं. निवडणूक, बीएलओ म्हणून मतदारयादीचं काम, सर्वेक्षणं, सगळं होऊनही शून्य. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून अन्य कामाला शिक्षक लावायचा नाही असं आहे. मग मी ४० लिहिलं तर वरून फोन येणार, 'मॅडम, हे ४० कुठले?' त्यापेक्षा शून्य बरं. त्या रकान्याची सरासरी काढून कुणी शोधनिबंध लिहिला असेल तर त्यांची मनापासून क्षमा मागते.

खडूफळा | सोमवार, दुपारी १:१०

बाई, शून्यावाले तुम्ही एकट्या नाही. साष्टांग.

टवाळ_टिकोजी | सोमवार, दुपारी १:२२

शून्याचा शोध भारतात का लागला याचा उलगडा झाला.

तासिकावाला | सोमवार, संध्याकाळी ६:४५

मी सीनियर कॉलेजचा, त्यामुळे थोडं अवांतर. यादीच्याही आधी 'शिक्षक कोण' हे ठरवा. मी सीएचबीवर आहे, म्हणजे तासिका तत्त्वावर. सोमवार ते बुधवार एका कॉलेजात, गुरुवार-शुक्रवार दुसऱ्यात, शनिवारी एका क्लासमध्ये. डोकी मोजली तर प्रत्येक ठिकाणी मी एक शिक्षक, सगळीकडची बेरीज करणाऱ्याला मी तिघे. तास मोजले तर सगळा मिळून पूर्ण एकही भरत नाही. आणि मंजूर पदं मोजली तर मी नाहीच. आमच्या विभागात कुणी 'समाधान' मोजायला आलं तर फॉर्म कायम प्राध्यापकांना मिळतो, कारण ईमेलच्या यादीत तेच असतात.

शाळांतही आता तसंच आहे की. शिक्षणसेवक आहेत, कंत्राटी आहेत, संस्थेने स्वतःच्या खिशातून ठेवलेले आहेत. युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून आलेली पोरं काही महिने वर्गावर उभी होती. ती शिक्षक की नाहीत? मुलांना विचारलं तर 'सर'च म्हणतील.

थेम्सकाठची_सुमा | मंगळवार, रात्री १:२० (आमच्याकडे अजून सोमवारच)

इंग्लंडमध्ये शाळेच्या ऑफिसात काम करते, डेटा माझ्याकडे असतो. इथे २०१० पासून दर नोव्हेंबरात सरकारी खर्चाने चालणाऱ्या सगळ्या शाळांची स्कूल वर्कफोर्स सेन्सस होते. नमुना नाही, प्रत्येक कर्मचाऱ्याची नोंद जाते: करार, तास, पगार, विषय, गैरहजेरी. तासिकावाला म्हणतात तो घोळ सोडवायला दोन आकडे वेगवेगळे ठेवतात. एक डोकी, दुसरा 'पूर्णवेळ समतुल्य'. आठवड्यातले तीन दिवस येणारी शिक्षिका डोक्यांत १, समतुल्यात ०.६.

याचा खरा फायदा पुढच्या वर्षी कळतो. यंदाची नोंद गेल्या वर्षीच्या नोंदीला जोडता येते, म्हणून कोण गळलं ते कुणालाही न विचारता समजतं. नवीन लागलेल्या शिक्षकांपैकी साधारण एक तृतीयांश पाच वर्षांत सरकारी शाळांतून बाहेर पडतात हा आकडा तिथून येतो. पण का गेले हे त्यात नसतं. ते विचारायला वेगळा सर्व्हे लागतो.

आणखी एक गंमत. 'टीचर टॅप' नावाचं ॲप आहे, २०१७ पासून. शाळा सुटायच्या सुमाराला, साडेतीनला, रोज तीनच प्रश्न येतात. हजारो शिक्षक उत्तरं देतात. लोक आपखुशीने येतात, म्हणून नमुना मुळात वाकडाच असतो, तो वजनं देऊन सरळ करतात. पण 'आज सकाळी शाळेत किती वाजता आलात' हे त्याच दिवशी विचारणं आणि 'तुम्ही साधारणपणे किती वाजता येता' हे मार्चमध्ये विचारणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खडूफळा | मंगळवार, सकाळी ६:५०

सुमाताई, आमच्याकडे साडेतीनला ॲप वाजलं तर समजायचं, अजून एक अर्जंट माहिती आली.

बिनधास्त_बंड्या | मंगळवार, सकाळी १०:३०

एवढा काथ्याकूट कशाला? सगळ्यांना माहीत आहे, सरकारी शाळेत चारातला एक मास्तर गैरहजर असतो. जागतिक बँकेचा रिपोर्ट आहे. त्यावर सर्व्हे करा की.

निवृत्त_बाई | मंगळवार, सकाळी ११:०५

बंड्या, तो रिपोर्ट वाचलाय का, की व्हॉट्सॲपवर आलाय?

आकडेमोड | मंगळवार, दुपारी १२:००

बाई, रागावू नका, हे उदाहरण उलट आपल्या कामाचं आहे. क्रेमर, मुरलीधरन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास, २००३ मधलं फील्डवर्क. २० राज्यं, सुमारे ३७०० शाळा, न सांगता दिलेल्या भेटी, बहुतेक शाळांना तीन-तीन वेळा. पद्धत फार साधी: गेल्यावर आधी शिक्षकांची नावं लिहून घ्यायची, मग प्रत्येकाला डोळ्यांनी बघायचं. मुख्याध्यापक म्हणाले 'आहेत हो इथेच' हे चालत नाही. २५ टक्के जागेवर नव्हते. प्रत्यक्ष शिकवताना सापडले ते निम्म्यापेक्षा कमी. राज्याराज्यात प्रचंड फरक: झारखंड ४२ टक्के, आणि सगळ्यात कमी गैरहजेरी महाराष्ट्रात, १५ टक्क्यांच्या आसपास. हा शेवटचा आकडा फॉरवर्डमध्ये कधी येत नाही.

आता दुसरी बाजू. अझीम प्रेमजी फाउंडेशनने २०१७ मध्ये सहा राज्यांतल्या ६१९ शाळांचा अभ्यास मांडला. शाळेत नसलेले शिक्षक १८.५ टक्के. पण त्यांनी प्रत्येकाचं कारण वेगळं लिहिलं: मंजूर रजा, प्रशिक्षण, कार्यालयीन काम. कारण नसताना गायब असलेले निघाले २.५ टक्के.

कुणी खोटं बोललेलं नाही. पहिल्यांचा प्रश्न होता, वर्गासमोर माणूस आहे का. दुसऱ्यांचा होता, माणूस दांडीबहाद्दर आहे का. मुलाच्या दृष्टीने पहिला महत्त्वाचा, गुरुजींना शिक्षा करायची तर दुसरा. 'गैरहजेरी' हा एकच शब्द दोघांनी वापरला आणि भांडण आपल्या वाट्याला आलं. आणि हो, दुसऱ्या पद्धतीतही कारण सांगतो तो शाळेतलाच माणूस, ही मेख लक्षात ठेवा.

बिनधास्त_बंड्या | मंगळवार, दुपारी १२:४०

१५ टक्क्यांचं माहीत नव्हतं. मागे घेतो. अर्धं.

निवृत्त_बाई | मंगळवार, दुपारी ४:१५

डोळ्यांनी बघण्यावरून आठवलं. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली होती. आधी नांदेडला प्रयोग झाला, मग सगळ्या राज्यात एकाच वेळी, तीन दिवस. महसूलची माणसं शाळेत आली आणि मतदानाला लावतात तशी शाई मुलांच्या बोटांना लावली, एक मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून. लाखो नावं फक्त कागदावर होती हे तेव्हा उघड झालं. पट वाढला की संचमान्यतेत पद वाढतं, पद वाढलं की नेमणूक. आकडा भरणाऱ्याचं पोट आकड्यावर असेल तर काय होतं ते आम्ही बघितलं.

पण दुसरंही सांगते. त्या दिवशी माझ्या शाळेत पहिलीतली एक मुलगी शाई बघून रडायला लागली. सुई टोचणार असं तिला वाटलं. शेवटी मी माझ्या बोटाला लावून दाखवली, तेव्हा तिने हात पुढे केला. महिनाभर माझं बोट काळं होतं आणि घरचे विचारत होते, मतदान कुठे होतं?

गोदाकाठ | शनिवार, दुपारी २:३०

चार दिवस गायब होते, कारण यादीच्या मागे होते. निवृत्त_बाई, तुमच्या तोंडात साखर पडो, की मीठ?

परवानगीचं पत्र घेऊन बीआरसीतून, म्हणजे तालुक्याच्या गटसाधन केंद्रातून यूडायसची यादी मिळवली. एकाच केंद्राच्या शाळा घेतल्या आणि स्कूटीवरून जाऊन मस्टरशी ताडून पाहिली. यादीत नाव आहे पण शाळेत माणूस नाही असे सात निघाले. दोघे प्रतिनियुक्तीवर पंचायत समितीत, एक बालसंगोपन रजेवर, एकांची आंतरजिल्हा बदली झालेली, एक मे महिन्यात निवृत्त, आणि इंग्रजी माध्यमाच्या एका शाळेतल्या दोघी 'सोडून गेल्या'. उलट शाळेत शिकवताहेत पण यादीत नाहीत असे पाच. त्यातले एक गुरुजी निवृत्त होऊन परत आलेले, पहिली-दुसरी एकत्र घेऊन बसले होते. मी विचारलं, 'सर, तुम्ही शिक्षक म्हणून यादीत नाही.' ते म्हणाले, 'पोरांना नका सांगू.'

ठरवलंय ते असं: ३० सप्टेंबरला जे शाळेत आठवड्याला किमान एक विषय नियमित शिकवत होते ते सगळे शिक्षक, पगार कोण देतं ते न बघता. प्रतिनियुक्तीवाले यादीत राहतील पण वेगळी खूण करून, कारण 'वेळ कुठे जातो' याचं उत्तर त्यांच्याशिवाय अपुरं आहे.

आता प्रश्नावली. 'आठवड्यात अशैक्षणिक कामाला किती तास जातात' या प्रश्नाला जुन्या फॉर्ममध्ये ० पासून ४० पर्यंत उत्तरं आली आहेत!

खडूफळा | शनिवार, दुपारी ३:१०

शालेय पोषण आहार शैक्षणिक की अशैक्षणिक? तांदूळ मोजणं, चव रजिस्टर, ऑनलाइन नोंद? माझ्या मते अशैक्षणिक. शेजारच्या वर्गातल्या मॅडमच्या मते मुलांच्या पोटाचं आहे, म्हणजे शैक्षणिक. तुमचे ० आणि ४० तिथेच आहेत. शिवाय 'अशैक्षणिक' हा आमच्या मोर्च्याच्या फलकावरचा शब्द. तो दिसला की माणूस तास मोजत नाही, घोषणा देतो.

आकडेमोड | शनिवार, दुपारी ३:३५

शंभर टक्के. शब्दच काढून टाका. 'काल' विचारा. काल शाळेत किती वाजता पोचलात, पहिल्या तासाला काय केलंत, मग काय, असं दिवसभराचं. वर्गीकरण तुम्ही घरी बसून करा. काही जणांना सोमवारचं, काहींना शनिवारचं विचारा, नाहीतर सगळे एकच दिवस सांगतील. महिना एकच घेतलात तरी तसंच, जूनचा आणि मार्चचा गुरुजी वेगळा असतो.

आणि छापण्याआधी पाच-सहा जणांना समोर बसवून प्रश्न मोठ्याने वाचायला लावा. उत्तर देताना मनात काय आलं ते बोलायला सांगा. एवढ्याने निम्मी प्रश्नावली बदलते.

गोदाकाठ | शनिवार, दुपारी ३:५०

मला आणखी एक विचारायचंय, पण उत्तर खरं मिळणार नाही. निवृत्त_बाईंच्या शून्यासारखं. 'गेल्या वर्षी कधी कागदोपत्री चुकीची माहिती भरलीत का?'

आकडेमोड | शनिवार, दुपारी ४:२०

त्यावर १९६५ मध्ये वॉर्नर नावाच्या संशोधकाने तोडगा काढला होता. त्याचा सोपा अवतार सांगतो. समोरच्याने नाणं उडवायचं आणि तुम्हाला दाखवायचं नाही. छापा आला तर काहीही असो, 'हो' म्हणायचं. काटा आला तर खरं बोलायचं. आता कुणी 'हो' म्हणालं तर ते नाण्यामुळे की कबुली, तुम्हालाही कळत नाही. पण २०० जणांत १२० 'हो' आले तर त्यातले सुमारे १०० नाण्याचे. उरलेल्या १०० जणांत २० खरे, म्हणजे २० टक्के. माणूस सुरक्षित, आकडा तुमच्या हातात. फक्त तो आकडा बराच डळमळीत असतो, १५० माणसांत तर फारच.

टवाळ_टिकोजी | शनिवार, दुपारी ४:२८

केंद्रप्रमुख अचानक भेटीला आले आणि सगळे शिक्षक नाणी उडवत बसलेत. त्यावर वेगळा अहवाल जाईल.

खडूफळा | शनिवार, दुपारी ४:४०

थट्टा सोडा, पण नाण्यापेक्षा सोपं काहीतरी आधी करा. लिंग, वय, जात प्रवर्ग, नोकरीची वर्षं, शाळेचा कोड, हे सगळं एकाच फॉर्मात विचारू नका. द्विशिक्षकी शाळेत 'महिला, वय ४०-४५' लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच आहे. वर 'आपली माहिती गोपनीय राहील' हे वाक्य असलं तरी आम्ही हसतो.

थेम्सकाठची_सुमा | शनिवार, रात्री ११:३०

गोदाकाठ, त्या 'सोडून गेलेल्या' दोघींना सोडू नका. अमेरिकेत शिक्षकांच्या मोठ्या सर्व्हेच्या पुढच्या वर्षी पाठपुराव्याचा सर्व्हे व्हायचा, १९८८-८९ पासून. आधी शाळेलाच विचारायचे, हे शिक्षक अजून आहेत का? मग राहिलेले, दुसऱ्या शाळेत गेलेले आणि पेशाच सोडलेले असे तीन गट, आणि सोडलेल्यांना वेगळी प्रश्नावली. एरवी समाधानाचा सर्व्हे म्हणजे जेवायला थांबलेल्यांनाच जेवण कसं होतं ते विचारणं. ताटावरून उठून गेलेला सापडतच नाही.

तासिकावाला | रविवार, सकाळी ९:००

आणि जे कधी पंगतीत बसलेच नाहीत ते? डी.एड. होऊन ट्यूशन घेणारे? ते यूडायसमध्येही नाहीत.

आकडेमोड | रविवार, सकाळी ९:३०

ते पीएलएफएसमध्ये थोडे सापडतात. तो श्रमशक्तीचा सर्व्हे, घरोघर जाऊन होतो, २०१७-१८ पासून. शाळेला नाही, माणसाला विचारतात, म्हणून ट्यूशनवालाही येतो, त्याचा करार आणि मिळकतही कळते. युनेस्कोच्या २०२१ च्या भारतीय शिक्षकांवरच्या अहवालात यूडायसच्या जोडीला तो यासाठीच घेतला होता. पण तालुक्यापुरता त्यात हात घालू नका, दोन-चार माणसं मिळतील.

गोदाकाठ | पुढचा रविवार, रात्री ९:२०

अहवाल देते. गाईडना २८ आणि ९१ चं गणित कागदावर करून दाखवलं. पाच मिनिटं गप्प होते, मग म्हणाले, 'हे माझ्या प्रबंधालाही लागू होतं.' परवानगी मिळाली. ४१२ फॉर्म परिशिष्टात जातील, 'सुरुवातीला काय चुकलं' म्हणून.

चार स्टीलचे डबे, चार ढीग. चिठ्ठ्या माझ्या लेकीने काढल्या, ती पाचवीत आहे. मध्येच म्हणाली, 'आई, ही माझी बाई आहे, परत टाकू?' नाही म्हटलं, निघाली ती निघाली. १५० नावं वहीत उतरवली. फॉर्म बंद. मी स्वतः फोन करणार, शाळेच्या वेळेत नाही, केंद्रप्रमुखांचं नाव कुठेही नाही. सहा जणांवर प्रश्नावली तपासली. 'काल काय केलंत' वर सहापैकी चौघे वीस मिनिटं बोलले. थांबवावं लागलं.

काल शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर पहिले नऊ फोन केले. सात जण बोलले. एकाने परत करायला सांगितलं. नववा फोन इंग्रजी माध्यमाच्या शाळेतल्या एका मुलीला. ती म्हणाली, 'मॅडम, मी जुलैतच सोडली. आता जिल्ह्याच्या गावी कापड दुकानात बिलिंगला आहे. इथे पगार वेळेवर होतो.' तुमचा पहिला फॉर्म आला होता का विचारलं. 'ग्रुपमधून त्याच दिवशी काढलं होतं मला.'

हिला माझ्या १५० त धरायचं का?

आकडेमोड | रविवार, रात्री ९:३५

संदर्भ दिनांक ३० सप्टेंबर. तेव्हा ती शिकवत नव्हती. म्हणजे नाही, 'अपात्र' लिहा, 'नकार' लिहू नका, दोन्ही वेगळे मोजायचे. पण नंबर जपून ठेवा आणि त्यासाठी दुसरी वही करा.

गोदाकाठ | रविवार, रात्री ९:४०

केली. पहिल्या पानावर एकच नाव आहे.

निवृत्त_बाई | रविवार, रात्री १०:०५

लेकीच्या बाईंना फोन करताना लेकीला खोलीबाहेर पाठवा.

खडूफळा | रविवार, रात्री १०:१०

ताई, माझा तालुका वेगळा म्हणून हळहळतोय. बाय द वे, आमच्या ग्रुपवरून तुमच्याकडे आंतरजिल्हा बदलीने गेलेला माझा एक मित्र आहे. त्याचं नाव निघालं का चिठ्ठीत?

गोदाकाठ | रविवार, रात्री १०:१२

सांगणार नाही :)